सोडू शकणारा माणूस

पोकरच्या टेबलावर डीलरच्या जागेवरून सगळ्यांचे हात दिसतात, पानं मात्र कुणाचीच दिसत नाहीत. खेळणाऱ्याचा जीव आपल्या दोन पानांत गुंतलेला असतो. डीलरला पानंच नसतात, त्यामुळे तिचं लक्ष आपोआप माणसांकडे जातं. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी गेली काही वर्षं पोकरचे पत्ते वाटते आहे. मूळची मी सावंतवाडीकडची. या कामानं मला सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर ते ब्लफबद्दल. लहान रकमेच्या टेबलावर चांगला अभ्यास असलेली, हुशार माणसंसुद्धा एका ठिकाणी हमखास पैसे घालवतात: ती योग्य वेळी, पण चुकीच्या माणसाला ब्लफ मारतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे मुख्यतः टेक्सस होल्डेम चालतो. प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी मिळून पाच पानं उघडली जातात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटी एक, ती रिव्हर. स्वतःची दोन आणि मधली पाच, या सातांतून प्रत्येकानं आपली उत्तम पाच पानं जुळवायची. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची संधी असते. कुणी पैसे लावले तर बाकीच्यांनी तेवढेच घालायचे, वाढवायचे, नाहीतर पानं सोडून द्यायची. बाकी सगळ्यांनी सोडली, तर उरलेला माणूस काहीही न दाखवता पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, घेऊन जातो. ब्लफची सगळी जागा या शेवटच्या नियमात आहे. हातात काही नसताना पॉट मिळू शकतो, अट एकच: समोरच्यानं सोडलं पाहिजे.

आमच्या पोकर रूममधलं सगळ्यात लहान टेबल शंभर-दोनशेचं. म्हणजे डाव सुरू होण्याआधी बटणाच्या (दर डावाला पुढे सरकणारी वाटपाची खूण) डावीकडच्या दोघांनी अनुक्रमे शंभर आणि दोनशे रुपये सक्तीनं घालायचे; हे लहान आणि मोठा ब्लाइंड. दहा हजार रुपये घेऊन माणूस बसू शकतो. गोव्याच्या कायद्यानुसार डीलरनं चालवायचे टेबलावरचे खेळ पाण्यावरच्या बोटीतच होतात, जमिनीवरच्या हॉटेलांना फक्त मशिनं ठेवता येतात. शिवाय 1 फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणून माझ्यासमोर बसणारी जवळपास सगळी माणसं बाहेरून आलेली असतात: पुणे, मुंबई, बेळगाव, बंगळुरू, सुरत, हैदराबाद, दिल्ली. त्यांनी विमानाचं नाहीतर बसचं तिकीट काढलेलं असतं, हॉटेल घेतलेलं असतं, जेटीवरून लहान बोटीत बसून ती इथवर आलेली असतात. ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत भरलेल्या पैशांवर 28 टक्के जीएसटी बसू लागला, तो सप्टेंबर 2025 मध्ये 40 टक्क्यांवर गेला. एवढं सगळं करून माणूस शनिवारच्या रात्री टेबलाशी बसतो, तो तासन्‌तास पानं टाकून द्यायला नाही. त्याला खेळायचं असतं. ब्लफचा विचार करणाऱ्यानं सुरुवात इथून करावी.

यातले बरेचजण तीन पत्ती खेळत मोठे झालेले असतात. दिवाळीत घरी, लग्नात जानवशाच्या खोलीत, प्रवासात. त्या खेळात टेबलावर काहीच उघडं नसतं. तीन पानं बंद, आणि पुढे फक्त चाल. त्यामुळे तिथला ब्लफ हा जिगरीचा प्रश्न होतो: कोण आधी घाबरतो, कोण शेवटी शो मागतो. पोकरमध्ये पाच पानं सगळ्यांसमोर उघडी पडलेली असतात. पहिल्या फेरीत तू गप्प का होतास, फ्लॉपला पैसे का लावलेस, टर्नला थांबलास आणि रिव्हरला अचानक का उसळलास, हे सगळं त्या पाच पानांशी जुळावं लागतं. पण तीन पत्तीतून आलेला माणूस ही जुळवाजुळव बघत नाही. त्याला शो हवा असतो. समोरच्याच्या हातात काय आहे हे कळल्याशिवाय उठायचं, हा त्याला अपमान वाटतो. तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीवर तो हजारो रुपये घालतो आणि हरल्यावरही त्याच्या तोंडावर समाधान असतं, कारण त्याला बघायला मिळालं.

अशा एका डावाबद्दल सविस्तर सांगते, कारण त्यात सगळं आहे.

रात्रीचे बारा वाजून गेले होते. बटणावर बंगळुरूचा एक तरुण इंजिनिअर होता. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा केंद्राचा कायदा आला, तेव्हापासून ऑनलाइन खेळणारी अशी बरीच मुलं बोटीवर येऊ लागली आहेत. त्यांचा अभ्यास पक्का असतो. त्यानं आठशे केले. मोठ्या ब्लाइंडवर सुरतेचे एक कापडाचे व्यापारी होते, त्यांनी न बघितल्यासारखं करून आठशे घातले. बाकीच्यांनी सोडलं. पॉट सतराशे. मी फ्लॉप उघडला: किलवर दश्शी, बदाम सत्ती, चौकट तिर्री. व्यापाऱ्यांनी टेबलावर बोट टेकवून चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली. इंजिनिअरनं हजार लावले, त्यांनी दिले. टर्नला इस्पिकचा एक्का आला. पुन्हा चेक. इंजिनिअरनं अडीच हजार लावले. व्यापाऱ्यांनी आपल्या चिप्सच्या उतरंडीवर तर्जनी फिरवली, पंधरा-वीस सेकंद गेले, मग तेवढे पैसे पुढे सरकवले. रिव्हर चौकट दुर्री. पॉटमध्ये आठ हजार सातशे होते. इंजिनिअरनं एका दमात आठ हजार पुढे ठेवले, हात मागे घेतला आणि नजर टेबलाच्या कापडावर स्थिर केली.

व्यापारी त्याच्याकडे बघत नव्हते. ते टर्नच्या एक्क्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. पेचात सापडलेला माणूस डीलरच्या तोंडाकडे बघतोच, तिथून काही कळेल अशा आशेनं. माझं काम तेव्हा पॉटवर नजर ठेवून शांत बसण्याचं. शेवटी ते म्हणाले, ‘‘भाई, देखना तो पड़ेगा,’’ आणि आठ हजार आत ढकलले. इंजिनिअरनं इस्पिकचे राजा-राणी उघडले. काहीच नव्हतं. गुलाम आला असता तर दश्शीपासून एक्क्यापर्यंत सिक्वेन्स झाला असता, तो आला नव्हता. व्यापाऱ्यांकडे सत्ती-छक्की होती. सत्तीची जोडी. चोवीस हजार सातशेच्या पॉटमधून बोटीचा ठरलेला हिस्सा काढून बाकीचा मी त्यांच्याकडे सरकवला.

त्या मुलानं पुस्तकात शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं. आधीपासून जोर त्याचाच होता. एक्का त्याच्या बाजूनं बोलणारं पान होतं. रक्कम पॉटला साजेशी होती. गणितही सोपं आहे: आठ हजार सातशेच्या पॉटवर आठ हजार लावले, तर निव्वळ ब्लफ बरोबरीत सुटायला समोरच्यानं शंभरातून अठ्ठेचाळीस वेळा सोडलं पाहिजे. पॉटच्या निम्मी रक्कम लावली तर तेहेतीस वेळा, पूर्ण पॉटएवढी लावली तर पन्नास वेळा. हे आकडे त्या मुलाला माझ्याहून चांगले ठाऊक असणार. पण त्या व्यापाऱ्यांनी संध्याकाळपासून एकदाही जोडी सोडलेली नव्हती. फ्लॉपला त्यांची जोडी लागली की ती रिव्हरपर्यंत जाणार, हे त्या टेबलावर डोळे उघडे ठेवून बसलेल्या कुणालाही दिसत होतं. जो माणूस शंभरातून दहा वेळासुद्धा सोडत नाही, त्याच्यासमोर अठ्ठेचाळीसचं गणित मांडून उपयोग काय? गोष्ट उत्तम रचली होती, पण ऐकणारा ती ऐकतच नव्हता.

हाच मुद्दा माणसं वाढली की आणखी तीव्र होतो. लहान टेबलावर चार-चार, पाच-पाच जण फ्लॉप बघतात. समजा, तुमच्या पैशांपुढे प्रत्येकजण साठ टक्के वेळा सोडेल, आणि साठ टक्के ही फार उदार कल्पना आहे. समोर एकच असेल तर ब्लफ साठ टक्के चालेल. दोघे असतील तर दोघांनीही सोडण्याची शक्यता छत्तीस टक्के. तिघे असतील तर जेमतेम बावीस. शनिवारी रात्री चौघांच्या पॉटमध्ये कुणीतरी धडाक्यात पैसे फेकतो तेव्हा टेबलाला ते धाडस वाटतं. मला फक्त हे बावीस टक्के दिसतात. चार किंवा पाच पानांचा ओमाहा हा पोकरचा प्रकारही आमच्याकडे जोरात चालतो, तिथे तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी होण्याची आशा असते आणि निव्वळ ब्लफला जागा त्याहूनही कमी.

मग लहान टेबलावर ब्लफ मारूच नये का? तसं मला अजिबात वाटत नाही. होल्डेममध्ये हाती आलेली दोन पानं जोडीची नसतील, तर तीनपैकी दोनदा फ्लॉपला त्यांना जोडीसुद्धा लागत नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. नुसती चांगल्या पानांची वाट बघत बसलेला माणूस हळूहळू झिजतो. प्रश्न कुणासमोर आणि कधी मारायचा, हा आहे. माझं उत्तर असं की त्यासाठी आधी सोडू शकणारा माणूस शोधावा. आपली पानं त्यानंतर बघावीत.

सोडू शकणारा माणूस ओळखू येतो. तो आपल्या चिप्स रंगानुसार नीट लावून ठेवतो आणि किती आहेत हे त्याला न मोजता सांगता येतं. पानं टाकताना तो ती फेकत नाही, सरकवतो. डाव संपल्यावर हरलेल्यानं काय दाखवलं ते तो बघून ठेवतो, म्हणजे तो विचार करतो, आणि विचार करणाऱ्यालाच भीती घालता येते. तो एकदा तरी चांगली पानं सोडताना दिसलेला असतो. ही शेवटची खूण सगळ्यात भरवशाची.

वेळही बघावी लागते. तोच माणूस नऊ वाजता सोडतो आणि तीन वाजता सोडत नाही. वीस हजार घेऊन बसलेला माणूस बारा हजारांवर आला, मग झगडत पुन्हा एकोणीस-वीसवर पोचला, की त्याच्यात एक बदल होतो. त्याची पाठ खुर्चीला टेकते. बरोबरीत सुटलो, आता हे पैसे घालवायचे नाहीत, असं त्यानं मनाशी ठरवलेलं असतं. अशा माणसासमोरचा ब्लफ पुष्कळदा चालतो. सकाळचं विमान असलेला, दर दहा मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघणारा, नफ्यात असलेला माणूसही मोठ्या रकमेसाठी उभा राहत नाही. उलट नुकताच मोठा पॉट हरलेला माणूस! त्याला पुढचा प्रत्येक डाव परतफेडीचा वाटतो. त्याच्यासमोर ब्लफ मारणं म्हणजे त्याला हव्या असलेल्या भांडणासाठी आपण होऊन दार उघडणं. आणि ज्याला तुम्ही तासाभरापूर्वी ब्लफ मारून वर पानं दाखवलीत, तो तुमच्या पुढच्या खऱ्या पानांनाही पैसे देणार. त्याच्याशी आता खरंच खेळावं.

रकमेबाबतही एक गोष्ट पदोपदी दिसते. लहान टेबलावरची बरीच माणसं पॉट किती आहे ते बघतच नाहीत, नोटा किती ते बघतात. सहा हजारांच्या पॉटवर कुणी हजार लावले, तर ‘हजारच तर आहेत’ म्हणून तिघे आत येतात. ब्लफ मारायचाच असेल तर तो सोडावासा वाटेल एवढा असला पाहिजे. घाबरत घाबरत लावलेली लहान रक्कम म्हणजे शो बघण्याचं स्वस्त तिकीट.

अंगाच्या भाषेबद्दल लोक फार विचारतात. माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूनं 1984 मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं, त्यातलं मुख्य सूत्र असं की नाटक करणारा माणूस आपल्या पानांच्या उलट वागतो: पानं बळकट असतील तर खांदे पाडतो, सुस्कारे टाकतो, पानं पोकळ असतील तर छाती काढतो, चिप्स आपटतो. लहान टेबलावर हे आजही बऱ्याच अंशी खरं ठरताना मी बघते. पण सगळ्यात जास्त गैरसमज थरथरणाऱ्या हाताबद्दल आहे. नवख्या माणसाला वाटतं, हात थरथरतोय म्हणजे हा खोटं खेळतोय. माझ्यासमोर चिप्स पुढे ढकलताना ज्यांची बोटं थरथरलेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी शेवटी भक्कम पानं उघडली. मोठं काही हाती लागलं की अंगातून वीज जाते, ती दाबता येत नाही. ब्लफ मारणारा बहुधा स्वतःला आवरून धरतो. तो कमी हलतो, श्वास धरतो. आणि फ्लॉप उघडल्यावर ज्याची नजर पानांवरून लगेच स्वतःच्या चिप्सकडे जाते, त्याला काहीतरी लागलेलं असतं. त्याच्यासमोर त्या डावात ब्लफ नको. या खुणा शंभर टक्के नसतात. पण समोरचा सोडेल का, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा वाटा असतो, आणि त्या बघण्यासाठी मान वर हवी, मोबाइलमध्ये नको.

आता दुसरा डाव, ज्याचा मी कामाच्या बाहेरही विचार करत राहिले.

कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळपासून बसले होते. बोलणं कमी, पाणी पीत, मुकाट्यानं पानं टाकत. त्यांनी पैसे लावले की टेबलावरचे लोक एकमेकांकडे बघून सोडायचे. त्यांच्या समोरच्या अंगाला मुंबईचा एक नेहमीचा खेळाडू होता, शिस्तीचा, हिशेबी. त्यानं आठशे केले. कोल्हापूरचे काका बटणावर होते, त्यांनी आठशे दिले. दोघेच उरले, पॉट एकोणीसशे. फ्लॉप: किलवर दश्शी, किलवर छक्की, चौकट दुर्री. मुंबईकरानं बाराशे लावले, काकांनी दिले. टर्नला बदामचा राजा आला. मुंबईकर क्षणभर थांबला आणि त्यानं चेक केलं. काकांनी हजार-हजारच्या तीन चिप्स घेतल्या आणि रेषेच्या पुढे ठेवल्या. हात पुन्हा मांडीवर. पॉट चार हजार तीनशे, त्यावर तीन हजार.

मुंबईकरानं बराच वेळ घेतला. एकदा काकांकडे बघितलं, एकदा राजाकडे. मग मान हलवून त्यानं आपली पानं उघडी करून माझ्याकडे टाकली: गुलामांची जोडी. टेबलावरून ‘अरे बापरे’ असा आवाज निघाला. मी पॉट काकांकडे सरकवला. शेजारच्या तरुणानं त्यांना हळूच विचारलं, काय होतं? त्यांनी भाबडेपणानं पानं किंचित तिरकी करून त्याला दाखवली. पोकरमध्ये नियम आहे, एकाला दाखवलं की सगळ्यांना दाखवायचं. पलीकडच्या एकानं लगेच मागणी केली, आणि मला ती पानं टेबलावर उघडी करून ठेवावी लागली. किलवर नव्वी, किलवर अठ्ठी. जोडीसुद्धा नव्हती.

पण काहीच नव्हतं असंही नाही. एक किलवर आलं असतं तर पाच किलवरांचा फ्लश. एक सत्ती आली असती तर छक्कीपासून दश्शीपर्यंत सिक्वेन्स. नऊ किलवर आणि उरलेल्या तीन सत्त्या, अशी बारा पानं त्यांच्या बाजूची होती. फ्लॉपला पुढच्या दोन पानांत त्यांतलं एक येण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के होती, टर्ननंतर एका पानासाठी सव्वीस. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकानं अशा खेळीला सेमी-ब्लफ हे नाव दिलं: आज हात कच्चा आहे, पण उद्या पक्का होऊ शकतो. निव्वळ ब्लफ असता तर त्या तीन हजारांना शंभरातून एक्केचाळीस वेळा यश यायला हवं होतं. बारा पानं पाठीशी असल्यानं त्याहून कमी वेळा सोडलं तरी चालणार होतं. समोरच्यानं पैसे दिले असते तरी डाव संपला नसता.

मुंबईकर उठून गेल्यावर शेजारच्या तरुणानं काकांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, ‘‘ते सोडतात हे मी मघाशी बघून ठेवलं होतं.’’ त्यांनी खरोखरच बघितलं होतं. काही वेळापूर्वी त्याच मुंबईकरानं एका मोठ्या रकमेपुढे चांगली जोडी सोडली होती, तेव्हा काका त्या डावात नव्हते, पानं टाकून शांत बसले होते. बाकीचे तेवढ्यात खाण्याची ऑर्डर देत होते. काकांच्या ब्लफची तयारी त्यांच्या हाती ती दोन पानं येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

पानं उघडी पडल्यावर टेबल बदललं. पुढच्या दोन-तीन तासांत काकांनी खऱ्या पानांवर पैसे लावले तेव्हा लोक हटून बसले, आणि त्यांना भरभरून मिळाले. जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात पोकरचं गणित मांडताना ब्लफचे दोन हेतू सांगितले आहेत: दुबळेपणी बळाचा भास करणं, आणि बळ असताना दुबळेपणाचा भास करणं. पकडला गेलेला किंवा उघडा पडलेला ब्लफ दुसऱ्या हेतूला कामी येतो. म्हणूनच कधीच ब्लफ न मारणाऱ्या माणसाला चांगली पानं येतात तेव्हा त्याला कुणी पैसे देत नाही. पण यासाठी मुद्दाम पैसे जाळायची गरज लहान टेबलावर नसते. तिथे लोक तसेही पैसे देतातच. एखाद-दुसरा नीट निवडलेला ब्लफ पुरतो.

समोर कोण आहे, हा मुद्दा गाजलेल्या डावातही दिसतो. लास व्हेगासला 2003 च्या पोकरच्या वर्ल्ड सीरिजच्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूनं सॅमी फारहा या मुरलेल्या व्यावसायिकाला शेवटच्या दोघांत असताना ऑल-इनचा, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावून, ब्लफ मारला. फारहाकडे नव्वीची जोडी होती, मनीमेकरकडे नुसता राजा. फारहानं सोडलं, मनीमेकर पुढे पंचवीस लाख डॉलर जिंकला, आणि टीव्हीवर तो डाव पाहून जगभर हजारो माणसं पोकरकडे वळली. आमच्याकडे येणारी मुलं तो डाव नेहमी आठवतात आणि त्यात मनीमेकरची छाती बघतात. मला त्यात फारहा दिसतो. एवढ्या मोठ्या क्षणी जोडी सोडू शकेल असा माणूस समोर होता. मनीमेकरच्या जागी तोच पण फारहाच्या जागी सुरतेचे ते व्यापारी असते, तर हा डाव कुणाच्या लक्षात राहिला नसता.

दोन गोष्टी मी मनापासून सांगते, कारण त्यांचे परिणाम मला रोज बघावे लागतात.

पहिली, हरलेले पैसे वसूल करण्यासाठी मारलेला ब्लफ. तो माणूस समोरच्याला वाचत नसतो, स्वतःच्या नुकसानीला वाचत असतो. चिप्स कमी उरलेल्या असतात, त्यामुळे समोरच्याला सोडायचं काही कारणही उरत नाही. असा माणूस पुन्हा चिप्स मागवतो, पुन्हा तेच करतो. ज्या रात्री ब्लफ मारायची घाई झाली आहे असं जाणवेल, त्या रात्री जेटीवर जाणारी पहिली बोट पकडावी. टेबलावर आणायची रक्कम घर सोडण्याआधी ठरवावी आणि ती गेली की दुसरी आणू नये. खेळ परवडणाऱ्या पैशांचा असेल तरच तो खेळ राहतो.

दुसरी, ब्लफ आणि लबाडी यांतला फरक. गावी मला कधीतरी विचारतात, खोटं बोलण्याच्या धंद्यात तू काम करतेस, तुला वाईट नाही वाटत? नाही वाटत. टेबलावर बसलेल्या प्रत्येकानं मान्य केलेलं असतं की इथे पैसे लावून वाटेल ती गोष्ट सांगता येईल. तो खेळाचा भाग आहे. पण आपली पाळी नसताना पानं सोडल्याचा अभिनय करणं, मोठ्या चिप्स मुद्दाम मागे दडवणं, तोंडानं एक बोलून हातानं दुसरं करणं, ही लबाडी. ती दिसली की मी डाव थांबवते आणि टेबलांवर देखरेख करणाऱ्या फ्लोअरच्या माणसाला बोलावते, समोरचं गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी. ब्लफला किंमत आहे ती नियम सगळ्यांना सारखे आहेत म्हणून.

लहान टेबलावर येणाऱ्याला मी डीलर म्हणून काही सांगू शकत नाही. डाव चालू असताना सल्ला देणं नियमात बसत नाही, आणि बसूही नये. इथे लिहिताना सांगते. पहिला तासभर ब्लफ मारू नका, बघा. कोण सोडतो, कोण कधीच सोडत नाही, कोण बरोबरीत येऊन मागे टेकला आहे, हे लक्षात ठेवा. मग एकाच माणसाविरुद्ध, शक्यतो त्याच्यानंतर बोलायची पाळी असताना, गोष्ट पहिल्या फेरीपासून जुळत असताना, आणि पकडले गेलात तरी सुधारण्याची काही पानं पाठीशी असताना पैसे पुढे करा. हे सगळं जुळत नसेल तर पानं सोडा; त्यात कमीपणा नाही. शंभर-दोनशेच्या टेबलावर एका रात्रीत अशा संधी एक-दोनच येतात. त्या ओळखून घेणारा माणूस बाकीचा वेळ मुकाट बसलेला दिसतो, पण तो रिकामा बसलेला नसतो. तो समोरच्यांना शिकत असतो, आणि या खेळात पैसे लावण्याआधी करायचं खरं काम तेच आहे.